पहिला वर कुठं गेला?

३ जून, मंगळवार. दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

दादा,

आधी 'तीर्थस्वरूप' लिहिलं होतं, ते खोडलं आहे. खोडलेलं तुला नीट वाचता यावं अशा बेतानंच खोडलं आहे.

वर दिलेली वेळ पत्र लिहिण्याची नाही. पत्र आज सात तारखेला लिहितो आहे. ती वेळ मला कळलं तेव्हाची आहे. त्या वेळी मी वाचनालयाच्या बाईंच्या कपाटाची चावी करत होतो. जुनी चावी कुलपातच मोडली होती, तो तुकडा चिमट्यानं काढून, जुळवून, नवीला कानस मारत होतो. बाई स्टुलावर बसून एक जाडजूड पुस्तक वाचत होत्या. वाचता वाचता त्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं, जिथं आपले चाव्यांचे जुडगे टांगलेले असतात. मग पुस्तकात पाहिलं, मग परत छताकडे. "अगदी असंच लिहिलंय हो यात," म्हणाल्या. मी हात पुसून पुस्तक घेतलं. मागच्या बाजूला तुझा फोटो. दाढी ठेवली आहेस. शोभत नाही.

आईला तू वर्षातून दोनदा फोन करतोस आणि सुरुवातीला 'बाबा आहेत का' असं विचारतोस, ते बाबा नाहीत याची खात्री करून घ्यायला. आईला तू सांगितलं आहेस की कचेरीत लिहिण्याचं काम करतो. ती आठ वर्षं तुला कारकून समजते आहे आणि लोकांना अभिमानानं तसं सांगते. मीही फोनच करणार होतो, पण फोनवर मी अडखळतो आणि तू हसतोस. कागदावर मी अडखळत नाही.

'लोखंडी पाताळ' मी विकत घेतलं आणि तीन दिवसांत वाचलं. पान सत्तेचाळीसवर 'कुलुप' असं छापलं आहे. कुलूपवाल्याच्या मुलाच्या पुस्तकात कुलूप ऱ्हस्व. पण ते छापखान्यावर ढकलता येईल. बाकीचं कुणावर ढकलणार?

सात दारांचं पाताळ आहे. तिथं कुलूपराज नावाचा राक्षस आहे. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी आहेत. काम करताना तो जीभ दातांत धरतो. दारावर कुणी आलं की आधी बुटांकडे पाहतो आणि मग तोंडाकडे. अरे, निदान एखादं बोट तरी इकडचं तिकडं करायचं होतंस! हा राक्षस कुणालाच उघडता येणार नाही असं कुलूप यमाकडून मिळवतो आणि बदल्यात पोटचा थोरला मुलगा देऊन टाकतो. मुलगा यमाच्या दारात तीन दिवस उपाशी बसतो. पाहुणा आपल्या दारात उपाशी राहिला म्हणून यम ओशाळतो आणि तीन वर देतो. मुलगा पहिल्या वरात सगळ्या दारांची चावी मागतो, दुसऱ्यात अग्नी, तिसऱ्यात मरणाचं गुपित. आणि हे सगळं घेऊन बापावर चालून यायला निघतो. शेवटच्या पानावर छापलंय, 'दुसऱ्या भागात: कुलूपराजाचा अंत.'

मी बाईंना विचारलं, जुन्या पुराणातली गोष्ट अशी उचलून कुणालाही वापरता येते का? बाई म्हणाल्या, या जातीची सगळी पुस्तकं पुराणांच्याच अंगणात वाढलेली असतात. जमिनीखाली जाऊन कुणाला तरी परत आणायचं, वर द्यायचा आणि त्यात मेख मारून ठेवायची, समुद्र घुसळला की आधी विषच वर यायचं, हे देशोदेशी आहे. लेखक फक्त कपडे बदलतो. मी म्हटलं, कपडे बदला, पण हातपाय तोडू नका. त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

कारण ती जुनी गोष्ट मला येते. आई सांगते. मूळ गोष्टीतही बाप चिडून मुलाला म्हणतो की तुला यमाला दिला. मुलगा जातो, तीन दिवस बसतो, सगळं तसंच. पण तो मुलगा पहिला वर काय मागतो? तो म्हणतो, माझ्या वडिलांचा राग जाऊ दे, आणि मी परत जाईन तेव्हा त्यांनी मला ओळखून हसून बोलावं. हा पहिला वर. अग्नी नंतर, मरण त्याच्याही नंतर. काहीही मागता येत असताना त्या मुलानं आधी हे मागितलं, म्हणून तर ती गोष्ट आजवर टिकली असं मला वाटतं.

तो वर कुठं गेला?

आपल्या धंद्यातली पहिली गोष्ट मला तूच शिकवलीस. चावी मूळ चावीवरून करावी. नकलेवरून नक्कल केली की केसाएवढा फरक पडतो, तिच्यावरून आणखी एक केली की आणखी केसाएवढा. चौथी चावी दिसायला हुबेहूब असते, कुलपात जाते, आणि फिरत नाही. त्यात करणाऱ्याचा दोष नसतो. पण तू मूळ समोर ठेवून, डोळे उघडे ठेवून, बरोबर तोच एक दात कापून टाकलास, कारण तो तुझ्या सुडाच्या आड येत होता. लोक म्हणतात पुराणातली वांगी पुराणात. तू ती तिथून काढून बाजारात मांडलीस आणि काटे तेवढे बाबांसाठी ठेवलेस.

बाबा त्या दिवशी 'जा, तुला यमाला दिला' म्हणाले हे खरं. दुकानात गिऱ्हाईक होतं हेही खरं. ते शाळेच्या कुलपांचं काय झालं त्याबद्दल मी लिहीत नाही, तुझंही तोंड काही कमी चाललं नव्हतं. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि काउंटरखाली बसलो होतो. पुढं नववीत माझी शाळा सुटली. का सुटली तेही लिहीत नाही.

दुसरा भाग अजून बाहेर आला नसेल तर त्यात पहिला वर परत घाल. एवढंच मागणं आहे.

तुझा धाकटा


१२ जून, गुरुवार. सकाळी पावणेनऊ. दुकान उघडायचं आहे.

दादा,

उत्तर मिळालं. धन्यवाद. इतकं सुंदर छापील उत्तर मला आजवर कुणी पाठवलं नव्हतं.

'प्रिय वाचक, आपलं प्रेम हीच माझी प्रेरणा.' खाली तुझी सही, तीही छापलेली. मी बोटाला थुंकी लावून पुसून पाहिली. सोबत पुस्तकात ठेवायची एक खूण, तिच्यावर राक्षसाचं चित्र. पाठीमागे निमंत्रण आहे की दुसरा भाग रविवारी, २९ जूनला, सकाळी अकरा वाजता तुझ्या शहरातल्या मोठ्या पुस्तकांच्या दुकानात प्रकाशित होणार, लेखक सह्या देतील, रांगेनं यावं. म्हणजे दुसरा भाग छापूनही झाला. मी चार पानांचं पत्र प्रकाशकाच्या पत्त्यावर पाठवलं, तुझ्या नावानं, वर 'घरगुती' असं लिहून. ते कुणी उघडलं? कुणीतरी माझं घरगुती वाचून मला वाचक केलं. की तूच वाचलंस आणि कार्ड टाकायला सांगितलंस? यातलं कुठलं जास्त वाईट हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

यावेळी बाईंनी खटपट करून तुझ्या घरचा पत्ता मिळवून दिला आहे. आता वाचक म्हणू नकोस.

इकडची बातमी अशी, की बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. काळजीचं नाही. महिनाभर काळा चष्मा, वाकायचं नाही, उचलायचं नाही, वाचायचं नाही. ते खाटेवर बसून दुकान चालवतात. मी कुलूप नेऊन त्यांच्या हातात देतो, ते कानाजवळ धरून हलवतात आणि आत काय तुटलंय ते सांगतात. डॉक्टरांनी हलवायला बंदी केलेली नाही, असं त्यांचं म्हणणं.

आणि शेजारचे घड्याळवाले काका. त्यांच्या पोटात तीळ भिजत नाही हे तुला ठाऊक आहे. मी पुस्तक त्यांच्यापासून लपवलं होतं, पण त्यांनी बाईंना गाठलं. काल संध्याकाळी चहाला आले, बाबांच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "काय राजे, तुम्ही तर पुस्तकात गेलात. आम्हाला कुणी साधं काटा म्हणूनही घेतलं नाही."

बाबांनी विचारलं, कसलं पुस्तक. काकांनी सांगितलं. राक्षस हा शब्द मात्र त्यांनी गिळला, त्यासाठी मी त्यांना या जन्मापुरतं माफ केलं आहे. आई उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती डोळे पुसून, आणि पहिलं वाक्य हे, "म्हणजे तो कारकून नाही?"

बाबा एवढंच म्हणाले, "उद्यापासून दुपारी वाचून दाखव."

आता सांग, मी काय करू? तू लिहून मोकळा झालास. ते वाक्य माझ्या तोंडातून त्यांच्या कानात जायचं आहे. रोज त्यांना ताटावर बसवतो तो मी, डोळ्यात थेंब टाकतो तो मी, आणि 'हा पोटचा गोळा विकणारा' असं त्यांना तोंडावर म्हणायचं तेही मीच. तुझी पुस्तकं हजारो लोक वाचतात असं कार्डावर लिहिलंय. त्यातल्या एकालाही हे काम नाही.

मी शिसपेन्सिल घेऊन बसलो आहे. काही ठिकाणी शब्द बदलीन. तुला राग आला तर येऊ दे.

धाकटा


२० जून, शुक्रवार. दुपारी तीन. वाचन संपवून लगेच.

दादा,

जे झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर मी काहीतरी वगळीन.

दुकान एक ते तीन बंद असतं तेव्हा वाचायचं ठरलं. बाबा खाटेवर, काळा चष्मा लावून. आई खाली बसून शर्टांना बटणं लावत. पहिल्या दिवशी मी 'राक्षस' असेल तिथं 'राजा' वाचलं. चार पानं बरी गेली. मग राजा मूठभर खिळे तोंडात टाकतो आणि चावून खातो अशी ओळ आली, ती मी बेसावधपणे वाचून बसलो.

आई म्हणाली, "राजाच्या घरी दुसरं काही शिजत नव्हतं का?"

बाबांनी मान माझ्याकडे वळवली. म्हणाले, "नीट वाच रे. मी कोण आहे त्यात?"

सांगावं लागलं. राक्षस. मोठा आहे का, विचारलं. डोंगराएवढा, मी म्हटलं. बोटं? डावीकडची दोन, अर्धी. हत्यारं काय काय दिली आहेत? मी वाचून दाखवली. गोल कानस आहे का त्यात? आहे. "मग बरोबर आहे," म्हणाले आणि उशीला टेकले. जणू तू त्यांच्याकडून काम तपासून घेतलंस. माझ्या अंगाची लाही लाही झाली होती आणि ते टेकले.

आईनं विचारलं, मी कुठं आहे? मी म्हटलं, तू पहिल्याच पानावर वारलीस. कशानं? ते लिहिलेलं नाही. तिनं दातानं दोरा तोडला. "बरं झालं बाई," म्हणाली, "सात पाताळांचा स्वयंपाक कुणी केला असता." हसली, पण त्या दिवशी तिनं एका शर्टाला सगळी बटणं उलट्या बाजूनं लावली. बाई म्हणतात, या पुस्तकांत नायकाची आई मरावीच लागते, नाहीतर ती त्याला घराबाहेर पडू देत नाही. असेल. पण तुझी आई जिवंत आहे आणि तिनं तुला घराबाहेर पडू दिलं होतं. दारात उभी राहून दिलं होतं.

उंदराबद्दल मी लिहिणार नव्हतो. कुलूपराजाच्या खिशात राहणारा, दिवसभर चाव्या मोजणारा आणि एक कमी पडली की रडत बसणारा उंदीर कोण, हे मला कुणी समजावून सांगायला नको. ती पानं मी वाचली नाहीत. गोष्टीचं काही अडलं नाही.

आज वरांचं पान आलं. त्यासाठी मी आधीच तयारी केली होती. तुझा पहिला वर खोडून समासात मूळचा लिहिला होता, अगदी तुझ्या भाषेत, 'हे अंधाराच्या स्वामी' वगैरे घालून. चार वेळा लिहून पाहिलं. तोच आवाज ठेवून वाचत गेलो. मुलगा म्हणाला, हे अंधाराच्या स्वामी, पहिला वर असा दे की माझ्या वडिलांचा राग जावा. मी परतेन तेव्हा त्यांनी मला ओळखावं, आणि हसून माझ्याशी बोलावं.

आईचा हात थांबला. मला वाटलं, जमलं.

बाबा म्हणाले, "थांब. चावी कुठंय?"

मी विचारलं, कसली चावी.

"सगळ्या दारांची. पहिला वर चावीचा आहे. मी त्याला तसाच सांगितलाय. आणि तो विसरणाऱ्यातला नाही."

दादा, पुस्तक बंद होतं की उघडं मला आठवत नाही. आई म्हणाली, अहो, असा कुठं असतो पहिला वर, माझे वडील तर रागाचाच सांगायचे. बाबा म्हणाले, "तुझे वडील बरोबरच सांगायचे. मीही लहानपणी तसाच ऐकलाय. मी बदलला." कधी, तर तू चार-पाच वर्षांचा असताना, दुकानात पायाशी बसवून सांगायचे तेव्हा. आई तेव्हा आत असायची, तिनं कधी ऐकलंच नव्हतं. आणि माझ्यापर्यंत ती गोष्ट बाबांच्या तोंडून आलीच नाही. तू गेल्यापासून आपल्या घरात बाबा यमाचं नाव घेत नाहीत. मला आईनं सांगितली, मी एकटा झोपायला घाबरायचो म्हणून.

आईनं विचारलं, पण का बदललात?

बाबांचं उत्तर मी शक्य तितकं जसंच्या तसं लिहितो.

"पोरगं तीन दिवस उपाशी बसलंय दारात. समोर यम उभा आहे, म्हणतोय, माग काय हवं ते. आणि त्यानं काय मागायचं? तर माझ्या बापाचं डोकं थंड कर. हे पोराचं काम आहे? ते बापानं घरी बसून करायचं. त्याचा एक वर त्यात फुकट घालवायचा? मला ते सांगवेना. म्हणून चावी घातली. म्हटलं, त्याच्या उपयोगी पडेल असं काहीतरी मिळू दे त्याला."

मग त्यांनी काळा चष्मा काढला. आईनं लगेच घालायला सांगितला, तो त्यांनी घातला नाही.

"ती कुलपं जुनीच होती," म्हणाले. "शाळेची. मी घासून-पुसून नवी म्हणून दिली होती. तो तीनदा म्हणाला, मुख्याध्यापकांच्या समोर, बाबा ही जुनी आहेत. तिन्ही वेळा खरं बोलला. गोष्टीतल्या पोराचंही तेच होतं. बाप म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गाई दान करत होता आणि पोरगं तेच विचारत होतं. गोष्ट मला पाठ होती, आणि माझ्याच दुकानात घडली तेव्हा मी ओळखली नाही."

मी काउंटरखाली होतो हे मी तुला लिहिलंच आहे. तीनदा मीही ऐकलं होतं. पहिल्या पत्रात 'तुझंही तोंड काही कमी चाललं नव्हतं' असं लिहिलं, ते मागे घेतो.

शेवटी बाबांनी विचारलं, तू वाचलंस ते कुणी लिहिलेलं आहे? मी म्हटलं, मी. "बरं लिहिलंयस," म्हणाले. "आता त्याचं वाच."

मी तुझं वाचलं. चावीचा वर, शब्दन् शब्द. बाबांनी ओठ हलवत माझ्याबरोबर म्हटला.

धाकटा


२६ जून, गुरुवार. सकाळी साडेअकरा. बसस्थानकावरून आल्या आल्या.

दादा,

हे कुरिअरनं पाठवतो आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत पोचतं म्हणाले. पोचलं नाही तर रविवारी तू आम्हाला पाहून दचकशील, आणि ते तुझ्या दाढीला शोभणार नाही.

आधी हिशेब सरळ करतो. तू एक दात कापलास असं मी लिहिलं होतं. तू काहीही कापलं नाहीस. तुझ्यासमोर जी होती तिच्यावरून तू बरोबर केलीस, आणि ती बाबांनी केलेली होती. माझा आरोप चुकला. पण माझा राग गेला असं समजू नकोस, तो दुसरीकडे वळला आहे.

त्यांनी चावी कशासाठी दिली होती? तुझ्या उपयोगी पडावं म्हणून. आणि तू तीच त्यांच्यावर चालून जायला वापरलीस. तुला माहीत नव्हतं, कबूल. बाई म्हणतात, पुराणाचं असंच होतं. एक माणूस मायेनं एक ओळ बदलतो, पुढचा त्या ओळीवर अख्खं राज्य उभारतो, आणि ती माया कुठं गेली ते कुणाला शोधता येत नाही. बाईंना त्यात गंमत वाटते. बाईंचा भाऊ लेखक नाही.

आणि हा राग माझा आहे. बाबांचा गेला, आठ वर्षांपूर्वी कधीतरी गेला असावा. त्यांना तुला सांगण्याची लाज वाटत होती, आणि तुला त्यांना विचारण्याची. माझा शिल्लक आहे, कारण माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही. मी आईला विचारलं, त्या जुन्या गोष्टीत मुलाला धाकटा भाऊ होता का? तिनं पुष्कळ आठवून पाहिलं. नव्हता म्हणाली. मुलगा यमाकडे गेला, मोठा ज्ञानी होऊन आला. मधल्या तीन दिवसांत त्या घरात कोण होतं, त्या चिडलेल्या बापाला जेवायला कुणी वाढलं, गाई कुणी पाहिल्या, हे कुणी लिहिलं नाही. तू निदान उंदीर लिहिलास. त्याबद्दल आभार मानावेत की तुझे कान उपटावेत, हे रविवारी समक्ष ठरवीन.

आता मुद्दा. सोमवारी बाबा म्हणाले, त्या पोराला पत्र लिहून बोलावू नकोस. मी म्हटलं, का? म्हणाले, "आपण बोलावणार, तो विचार करणार, मग येणार. म्हणजे परत मागणं त्याच्याच गळ्यात. मीच जातो." डॉक्टरांकडे नेलं, बसनं जायला परवानगी आहे, चष्मा ठेवायचा. आई म्हणाली, ती मेलेली असली तरी येणार. घड्याळवाले काका दोन दिवस दुकान सांभाळणार आहेत. त्यांना कुलपांतलं काही कळत नाही, पण 'मालक बाहेरगावी गेलेत' एवढं सांगायला येतं.

मी बाबांना आठवण करून दिली की दुसरा भाग छापून झाला आहे, त्यात कुलूपराजाचा अंत होणार आहे. लोकांसमोर तो तुम्हाला मारणार, आणि तुम्ही त्याच रांगेत उभे राहणार. बाबा म्हणाले, "मारलं असेल तर मारलं. पुस्तकात मेलेल्याला रांगेत उभं राहायला कुणी मनाई केलेली नाही. वाचून तर बघू कसा मेलो ते."

कुणी भाषण करणार नाही. काय बोलायचं ते मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, काही नाही, सही घ्यायची. मग थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाले, "दाढी आहे म्हणतोस. ओळखेन ना मी?"

मी म्हटलं, ओळखाल. पण तू आपला मान वर करून बस. आणि खाली पाहून सह्या करत सुटू नकोस, वर बघत जा. रांगेत काळ्या चष्म्याचे दुसरेही असतील. हे जास्तीचं सांगतो आहे असं वाटलं तरी ऐक.

खर्च आणि देणं खाली लिहितो, म्हणजे नंतर वाद नको.

खर्च:
'लोखंडी पाताळ', पहिला भाग: ४५०
आधीच्या तीन पत्रांचं टपाल: ३६
हे कुरिअर: ६०
जायची तिकिटं, तीन (बाबा, आई, मी): ६६०
यायची तिकिटं, चार: ८८०. चौथं तुझ्या नावावर आहे. न वापरल्यास पैसे परत मिळत नाहीत, मी दोन खिडक्यांवर विचारून आलो.

देणं:
घड्याळवाल्या काकांना, तिकिटांसाठी घेतलेले: ८००
तुझ्याकडून मला, पहिल्या भागाचे: ४५०. भाऊ म्हणून तो तू फुकट पाठवायला हवा होतास.
दुसऱ्या भागाचे मी रविवारी देणार नाही.